वैजयंतीचा जबाब

वॉटफर्ड, ४ फेब्रुवारी २०२४

ती. दादास, नीनाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कानाला मशीन लावायचं नाही आणि फोनवर आम्ही ओरडायचं नाही, या तुझ्या हट्टापायी इथल्या पोस्टातली माणसं मला आता नावानं ओळखतात.

माझ्या रहस्यकथेचं पाचवं प्रकरण वाचून तू भडकलास, म्हणजे जमलं म्हणायचं! फिलाडेल्फिया, १८७२. गिरणीमालकाच्या आईवर विषप्रयोग होतो आणि संशय जातो आयरिश मोलकरणीवर, नोरावर. तिला फाशी दिलीस तर पुढचं पान उघडणार नाही, असा दम भरलायस. खुनी मालकाचाच मुलगा, त्याला श्रीमंत म्हणून सोडू नकोस, म्हणे. जन्मभर कोर्टात शिरस्तेदारी केलेल्या माणसाशी मी काय वाद घालणार?

परीक्षित घरूनच काम करतो. सूनबाई, म्हणजे तनिषा, रोज ट्रेननं लंडनला. ईशिता दीड वर्षाची झाली, दिसेल ते ओढते. तिच्यामागे वैजयंती असते. ती आपल्या नागपूरचीच. दुबईत यांच्याकडे होती, आता सहा महिन्यांच्या घरकामाच्या व्हिसावर इथे आलीय. तिची मुलगी तनू तिकडे मावशीकडे राहून बारावी करतेय. भाजी चिरताना तिला मी नोराची गोष्ट वाचून दाखवते. ऐकताना तिचे हात थांबतात.

वहिनींना नमस्कार. तुझा लोभ आहेच, पण औषधं वेळेवर घेऊन तो टिकव.

तुझी,
नीना

वॉटफर्ड, ९ मार्च २०२४

ती. दादास, सा. न.

मंगळवारी ईशिता भाजली. परीक्षितनं कॉफीसाठी केटल लावली होती. वैजयंतीला तो म्हणाला, तू कपडे वाळत घालून ये, हिला मी बघतो. हे मी जिन्यातून माझ्या कानांनी ऐकलं. मग त्याचा ऑफिसचा कॉल आला आणि तो बाहेरच्या खोलीत गेला. पोरीनं वायर ओढली. किंकाळी ऐकून मी वळले, तेव्हा जिन्याच्या खिडकीतून वैजयंती गार्डनमध्ये दिसली. ओली चादर चिखलात टाकून धावत आली. गळा, छाती, उजवा हात भाजलाय. जीव वाचला, पण व्रण राहतील म्हणतात.

हॉस्पिटलमध्ये विचारलं, मुलीजवळ कोण होतं? परीक्षित म्हणाला, वैजयंती. तनिषानं तेच पुढे सांगितलं. मुलांच्या सुरक्षेचं बघणारी कौन्सिलची बाई आली, मग पोलिस. जबाबाला फोनवर दुभाषा होता. दादा, कपातला चहा मी सांडला तरी ‘चुकलं माझं’ वैजयंतीच म्हणते. समोरचा शांत व्हावा म्हणून म्हणते. तिथेही ती तेच म्हणाली. दुभाष्यानं ते इंग्रजीत घातलं आणि झाला कबुलीजबाब.

तिला जामिनावर सोडून बायकांच्या एका निवाऱ्यात ठेवलंय. परीक्षित माझे पाय धरून रडला. म्हणतो, खरं सांगितलं तर ईशिताला आमच्यापासून काढून घेतील. वैजयंतीला काय, फार तर परत पाठवतील.

याच हातांनी मी त्याला घास भरवलेत. आज त्याचं ताट न वाढताच खोलीत आले. काय करू ते लिही.

तुझी,
नीना

नागपूर, २३ मार्च २०२४

चि. नीनास, अनेक आशीर्वाद.

तुझी वहिनी पत्र वाचून जेवली नाही.

तू गप्प राहावंस, असं मला वाटतं. अपघात तो अपघात. मुद्दाम कुणी केलेलं नाही. पोटच्या पोराविरुद्ध खरं बोलणाऱ्या आया मी कोर्टात पाहिल्यात. घरी परतताना त्यांच्यासोबत कुणी नसायचं. वैजयंतीचं वाईट वाटतं, पण त्या बायकांना सवय असते. ती इथे आली की चार घरची कामं मिळतील. तुला दुसरा मुलगा मिळायचा नाही.

तब्येत सांभाळ. थोरला भाऊ म्हणून लिहिलं, राग धरू नकोस.

तुझा,
दादा

हाउन्सलो, २ जून २०२४

ती. दादास, सा. न.

पत्ता बदललाय. मैत्रीण आसावरीकडे राहते. विमानतळ जवळच, विमानं इतकी खाली येतात की बोलता बोलता थांबावं लागतं. बरंच आहे ते.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि पोलिसांकडे गेले. जे ऐकलं, जे पाहिलं, ते सांगितलं. ‘चुकलं माझं’चा अर्थ सांगताना मला रडू फुटलं. वैजयंतीवरची केस बंद झाली. परीक्षितची चौकशी सुरू आहे. ईशिता रीडिंग गावी तनिषाच्या आईवडिलांकडे आहे. आईबाप तिला भेटतात ते कौन्सिलच्या माणसासमोर. मला भेटायला मनाई नाही, पण तनिषाचे वडील दार उघडत नाहीत. परीक्षितनं माझी बॅग स्वतः भरली. शाल विसरू नकोस म्हणाला, आणि यापुढे तुला मुलगा नाही असं समज, हेही म्हणाला. दोन्ही एकाच आवाजात.

गोष्ट आता लिहवत नाही. नोराची पानं रीसायकलिंगच्या डब्यात टाकली.

वैजयंतीचा व्हिसा संपला, ती मे महिन्यात परतली. केस बंद झाल्याचं पोलिसांनी कळवलं ते इंग्रजीत. माझा फोन ती उचलत नाही. दादा, तू जाऊन तिला मराठीत सांग. एवढंच मागते.

तुझी,
नीना

नागपूर, २० जून २०२४

चि. नीनास, अनेक आशीर्वाद.

काल कानाला मशीन लावून वैजयंतीच्या बहिणीकडे जाऊन आलो. बातमी माझ्या आधी पोचली होती. इंग्लंडात हिनं मालकाचं पोर भाजलं, एवढीच. चार घरची कामं मिळतील असं मी तुला लिहिलं होतं. तिला एकही मिळालेलं नाही.

मी तिला समोर बसवून स्पष्ट सांगितलं की केस बंद आहे, तू निर्दोष आहेस, नीनानं साक्ष दिली. तिनं ऐकून घेतलं. ईशिताच्या गळ्याचा व्रण फिका झाला का, विचारलं. मग म्हणाली, इतक्या जणांनी इतक्यांदा विचारलं की आता केटलचं बटण दाबणारा हात तिला स्वतःचाच दिसतो. गार्डन आठवत नाही, कपडे आठवत नाहीत. मी म्हणालो, अगं, नीनानं तुला तिथे पाहिलंय. तर म्हणाली, बाईंची माझ्यावर माया, म्हणून त्यांनी तसं सांगितलं असेल.

नीना, मी जन्मभर निकाल ऐकले. हिला कुठला ऐकवू?

तेवढ्यात आत तिच्या बहिणीचं तान्हं नातवंड रडायला लागलं. घरात मोठं माणूस दुसरं कुणी नव्हतं. ते बराच वेळ रडत राहिलं. वैजयंती भिंतीला टेकून तशीच बसली, दोन्ही हात पदराखाली घट्ट धरून. शेवटी तनू पुस्तक ठेवून उठली आणि तिनं बाळाला उचललं.

तुझ्यावर माझी माया आहे. ती पुरायची नाही, हे कळूनही पाठवतो.

तुझा,
दादा