लाल दिव्यापलीकडची कोळंबी

११ मे, सकाळ
आजपासून रोजनिशी. ठरलं म्हणजे ठरलं.
मोठी बातमी. संग्रहालयाच्या नव्या दालनाचं काम आमच्या प्रमुख मुरोताबाईंनी माझ्याकडे दिलं. विषय: आपल्या उपसागरात कोळंबीच्या जाती किती, आणि किनाऱ्याचा कुठला मासा त्यातली कुठली खातो. पद्धत सोपी. मासा घ्यायचा, पोट फाडायचं, आत बघायचं. कोळंबी माणसाला चुकवते, माशाला नाही. इतका प्रामाणिक सर्वेक्षक सरकारकडेही नसेल.
अडचण एकच. मासा समुद्रात असतो.

११ मे, संध्याकाळ
बायकोने, म्हणजे कानाएने, परस्पर ठरवून टाकलं. उद्यापासून मी तिच्या बाबांच्या बोटीवर जायचं.
सर्वेक्षण हे निमित्त. खरं कारण तिने भांडी घासताना सांगितलं. आमच्या बंदरातल्या बोटी जोडप्याच्या. एकाने सुकाणू धरायचं, दुसऱ्याने जाळं सोडायचं. सासूबाई गेल्यापासून बाबा दोन्ही कामं एकटे करतात. मागच्या महिन्यात जाळ्याच्या दोरात पाय अडकून पडले, अर्धे बोटीत, अर्धे पाण्यात. घरी चकार शब्द नाही. पाय भोपळ्याएवढा सुजला तेव्हा कळलं. कानाए म्हणाली, "आता एक तर सोबत कोणीतरी, नाहीतर बोट बंद. आणि बोट बंद केली तर बाबा वर्षही काढायचे नाहीत. तू जाशील ना रे?"
हो म्हणालो. आवाज इतका खणखणीत लागला की शेजारचं कुत्रं भुंकलं.
मला भीती वाटत नाही हे इथे नोंदवून ठेवतो. मी नागानोच्या डोंगरातला. डोंगरातली माणसं पाण्याचा आदर करतात, तो लांबून करतात, एवढंच. शिवाय मी घरजावई. लग्नात यांचं आडनाव घेतलंय. कागदोपत्री मी पिढीजात कोळी आहे.

१२ मे
गेलो.
सासूबाईंचा पिवळा रबरी एप्रन मला दिला. जेमतेम मांडीपर्यंत आला. बंदराच्या तोंडाशी लांबलचक बांध आहे, त्याच्या टोकाला लाल दिवा. दिव्यापर्यंत समुद्र सभ्यपणे वागला. पलीकडे तळ दिसत नाही हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं.
उपकरणात बिघाड झाला. (पाय.)
आधाराला जे सापडलं ते धरलं. ती बाबांची कंबर निघाली. बाबांनी बोट वळवली, मला धक्क्यावर उतरवलं, मग म्हणाले, "जावईबापू, तुम्ही मला धरलंत तर मी सुकाणू कशानं धरू? दातानं? जाऊ द्या. घरी मी बोलत नाही, तुम्हीही बोलू नका." आणि गेले. एकटे.
ही तात्पुरती व्यवस्था आहे. दोन दिवसांत मला सवय होईल.

१४ मे
सवय होतेय. आज धक्क्यावर उभं राहून बोटीकडे बराच वेळ पाहिलं.
माशांची सोय झाली. गोंडा म्हणून एक न्हावी आहेत. दुकान मुलाच्या गळ्यात घालून दिवसभर बांधावर गळ टाकून बसतात. आमचा सौदा असा: त्यांनी पकडलेला मासा बादलीतून मला आणून द्यायचा, मी पोट काढून घ्यायचं आणि साफ केलेला मासा परत करायचा. गोंडा खूश. बायकोची कटकट वाचली म्हणाले. मी त्यांच्या छोट्या ट्रकात बसून काम करतो. ट्रक बांधाच्या अलीकडे, डोंगराकडे तोंड करून. उजेड चांगला येतो.
ही पळवाट नव्हे. मासा पकडल्यावर तासाभरात पोट उघडलं नाही तर आतली कोळंबी विरघळते. बाबा परतायला दुपार. विज्ञान थांबत नाही.
घरी जाण्याआधी एप्रनवर धक्क्यावरच्या नळाचं पाणी मारून घेतो.

१७ मे
काम जोरात. एका चपट्या माशाच्या पोटात खरखरीत सालीची कोळंबी, वाळूत लपणारी. काळ्या माशाच्या पोटात पट्ट्यापट्ट्यांची. खडकात राहणाऱ्या टपोऱ्या डोळ्यांच्या माशाने पारदर्शक बारीक जवळा खाल्लेला. प्रत्येकाची आवड वेगळी. एक जाड्या तर खेकड्यासकट शेवाळ खाऊन बसलेला, लग्नाच्या पंगतीतून उठल्यासारखा.
गोंडा मध्येच म्हणाले, "साहेब, म्हातारा रोज एकटाच जातो. पायही धड नाही. तुम्हाला काळजी नाही वाटत?" मी म्हणालो, बाबा अनुभवी आहेत.
कानाए रोज दोन डबे देते. बाबांच्या इंजिनाला जुना खोकला आहे, लांबून ओळखू येतो. तो ऐकू येईपर्यंत माझ्याने डबा उघडवत नाही. भातातलं खारवलेलं आलुबुखार बहुतेक पोटाला सोसत नाही.

२० मे, दुपार
खिडक्या लावून घेतल्यात. थंडीमुळे.
आज तीन माशांच्या पोटात एकच नवा प्राणी. गुलाबी अंग, मोठे काळेभोर डोळे, पायांची झालर. आपल्याकडच्या एकाही कोळंबीशी जुळेना. संग्रहालयात जाऊन जाडं पुस्तक काढलं. चित्र सापडलं, पाय मोजून खात्री केली.
क्रिल. दक्षिण ध्रुवावरचा. देवमाशाचं खाणं.
इथे! आमच्या बंदरात! पोहत!

२० मे, संध्याकाळ
शांतपणे विचार केला. बर्फाच्या पाण्यातला प्राणी इथे आला याचा अर्थ बर्फाचं पाणी इथे आलं. त्याच्यामागोमाग देवमासा येणार. बाबांची बोट देवमाशाच्या जिभेएवढी नसेल.
कानाएने विचारलं, इतका पांढरा का पडलायस? मी म्हणालो, ऊन लागलं.
समुद्रावर न जाण्याचा माझा निर्णय किती दूरदृष्टीचा होता, हे आता सिद्ध झालंय.

२३ मे
पुरावे वाढतायत. बांधाजवळच्या जवळजवळ प्रत्येक माशाच्या पोटात क्रिल. काही तर नुसते क्रिलनेच ठासून भरलेले. आपली गरीब कोळंबी कोपऱ्यात.
ट्रकात बसताना जीवरक्षक जाकीट घालायला लागलोय. गोंडा हसले नाहीत, पण मिशी हलली.
ट्रकाच्या आरशात, मागच्या क्षितिजावर पांढरं, प्रचंड काहीतरी सरकताना दिसलं. सीटखाली वाकलो. बेटावर जाणारी फेरीबोट होती.
बाबांना आडून विचारलं, हल्ली दक्षिणेकडून काही वेगळं आलंय का? ते म्हणाले, "आली होती एक. तुमची आत्या. आठ दिवस राहिली." त्यांना धोक्याची कल्पनाच नाही. ओठांवर आलं होतं, की बाबा, जाऊ नका. पण जाऊ नका म्हटलं तर सोबत चला म्हणतील.

२६ मे
मुरोताबाईंना सांगितलं. त्यांनी नमुना भिंगाखाली धरला. क्रिलच आहे, मान्य. मग म्हणाल्या, "नोबुहिकोराव, कोळ्यांना एकदा विचारलंत का?" मी म्हणालो, घबराट पसरेल. खरं तर मी सोडून अजून कोणी घाबरलेलं नाही. म्हणजे मीही नाही.
मासे नक्की कुठले, असं त्यांनी विचारलं. मी "उपसागरातले" म्हणालो. बांध उपसागरातच आहे.
फलक रंगवायला दिला. जगाचा नकाशा. ध्रुवापासून आमच्या बंदरापर्यंत तांबडा बाण.

२९ मे
उद्या उद्घाटन. कानाएने बाबांकडून कबूल करून घेतलंय, की जावई भाषण करणार, तर बोट उद्या बंद. बाबा हो म्हणाले, मान खाली घालून मासा साफ करता करता. मला ते "हो" ओळखीचं वाटलं. मी पण तसंच म्हणतो.
काही बोललो नाही. भाषणाची तयारी होती.

३० मे
जे झालं ते क्रमाने लिहितो. मन खंबीर आहे.
दालन भरलं होतं. सगळे कोळी, त्यांच्या बायका, पहिल्या रांगेत कानाए. शेजारची खुर्ची रिकामी. बाबा म्हणे पाय दुखतोय, मागाहून येतो म्हणाले होते. फलकावरचा पडदा ओढला. तांबडा बाण बघून लोकांनी माना पुढे काढल्या. मी ध्रुव, हिमनग, देवमासा सगळं सांगितलं. सांगताना मलाच घाम फुटला.
मागून गोंडा उठले. चेहरा आनंदी. म्हणाले, "अहो साहेब, हे तर माझं आमिष!"
मग तेच समजावून सांगू लागले. स्टेशनजवळच्या दुकानात याच्या गोठवलेल्या विटा मिळतात. ध्रुवाकडे जहाजं जातात, भरून आणतात. बांधावरचा प्रत्येक गळवाला मूठ-मूठ पाण्यात फेकतो, मासे बोलावायला. "मी तर पसाभर टाकतो. तुम्ही रोज माझ्याच ट्रकात बसून पोटं फाडत होतात, मला वाटलं तुम्हाला ठाऊकच असणार! बांधाकडे एकदा तोंड करून बसला असतात तरी दिसलं असतं."
सगळं दालन हसलं. एका म्हाताऱ्याची कवळी पडली. मीही हसलो. विनोदबुद्धी हवीच.
कानाए हसली नाही. तिने वळून एवढंच विचारलं, "रोज?"
गोंडांना थांबता येईना. म्हणाले, "रोज! म्हातारा एकटा आत समुद्रात, साहेब ट्रकात. आजही गेलाय की पहाटेच."
तेव्हा सगळ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. धुकं उतरलं होतं. बांध अर्ध्यावर पुसून गेलेला. लाल दिवा नव्हताच.
त्यानंतरचं नीट आठवत नाही. मी पळत होतो. थांबलो तेव्हा हातात लोखंडी कठडा होता आणि डोक्यावर लाल दिवा. बांधाच्या टोकाला कसा पोचलो कळलं नाही. मी "बाबा, बाबा" ओरडत होतो. कानाएही आली, तीही ओरडू लागली. धुक्यात मोठ्या जहाजांचे भोंगे वाजत होते, कुठून ते कळत नव्हतं. मला फार भीती वाटली. लिहून टाकतो, इथे कोण वाचतंय. तो सुजका पाय आणि तो दोर, एवढंच डोळ्यांपुढे येत होतं.
मग खोकला ऐकू आला. इंजिनाचा.
धुक्यातून बाबा आले. जाळं खडकात अडकलं म्हणून थांबले होते, थांबलेच आहोत तर डबाही खाऊन घेतला. बांधावर अख्खं गाव उभं पाहून विचारलं, "कोण गेलं?"
कानाए तिथेच ओल्या सिमेंटवर बसून रडली. मला कोणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.
परतताना मात्र दोन्ही बाजूंचा समुद्र दिसला. गोंडांनी हात धरून आणलं. मध्ये थोडं रांगलो.

१ जून
बाण खरवडला. त्या जागी गोंडांच्या आमिषाची वीट मांडलीय. लोकांना तेच दालन आवडतंय. मुरोताबाई म्हणाल्या, प्राणी ओळखलात मात्र अचूक. हे नोंदवतो.
कानाए दवाखान्यात परिचारिका आहे, सकाळच्या पाळीची मुख्य. ती पाळी मिळवायला तिने किती वर्षं काढली. आज सोडून आली. उद्यापासून बाबांबरोबर तीच जाणार. बाबांना मान्य करावंच लागलं.
मी म्हणालो, नको, मी जातो. या वेळी खरंच.
ती "बरं" म्हणाली. दवाखान्यात "इंजेक्शनला रडणार नाही" म्हणणाऱ्या पोरांशी बोलते तशी.

२ जून, पहाट
पक्का निश्चय. तिच्याआधी उठलो. लाल दिव्यापर्यंत एकदा पळत गेलोय, म्हणजे अर्धी भीती गेलीच. एप्रन शोधला. तो तिने आधीच घातला होता. तिला अगदी बरोबर बसतो.
आज फक्त निरोप द्यायला जातो. उद्यापासून मी.

२ जून, सकाळ
धक्क्यावर दोर सोडायचं काम मी मागून घेतलं. समुद्र सपाट, धुकं नाही. बाबा सुकाणूपाशी, कानाए जाळ्यापाशी, सासूबाईंच्या जागी. बाबा म्हणाले, "सोडा दोर, जावईबापू."
सोडतच होतो.
बाबा पुन्हा म्हणाले, "अहो, सोडा की." इंजिन खोकत होतं. मी म्हणालो, हो हो. हात ऐकेनात. दोघं एका बोटीत, आणि ती बोट दिव्यापलीकडे जाणार. मी दोर आणखी घट्ट धरला. मागे गोंडांनीही गळ बाजूला ठेवला.
शेवटी कानाए बोटीतून उतरली. माझी बोटं एकेक करून तिनेच सोडवली. डबा माझ्या हातात दिला आणि पुन्हा बोटीत गेली.
हाताला दोर काचलाय, म्हणून आज अक्षर असं आलंय. गोंडांच्या ट्रकात बसलोय, समुद्राकडे तोंड करून. दुपार व्हायची आहे. डबा अजून उघडलेला नाही.