डिंकाचा डोळा

३ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

भाऊजींचा गुडघा सुधारतोय हे वाचून बरं वाटलं. माझं मात्र डोकं फिरलंय. चौदा महिने मायक्रोस्कोपखाली सुईने जो दगड कोरला, त्यावर साहेबांचा लेख छापून आलाय आणि त्यात माझं नाव औषधालाही नाही. खाणीतून तो दगड उचलून संग्रहालयात आणला कुणी? मी. जाब विचारला तर साहेब सगळ्या कचेरीसमोर म्हणाले की भांडी घासणाऱ्याचं नाव आमंत्रणपत्रिकेवर छापत नसतात. टंकलेखक बाई हसल्यासुद्धा.

त्या दगडात जीवाश्म होऊन राहिलेला प्राणी आहे करंगळीएवढा. त्याला कणा नाही, पाठीतून नुसती एक लवचीक दोरी गेलीय, तू शाळेत पृष्ठरज्जू म्हणून शिकवतेस ती. पुढे त्याच दोरीभोवती मणके आले आणि मासे, बेडूक, तू, मी असं सगळं गणगोत झालं. आता गंमत ऐक. साहेबांनी लेखात या पूर्वजाला चक्क डोळा असल्याचं जाहीर केलंय. तो डोळा नाही गं. डोक्याचा पापुद्रा सुटत होता, म्हणून मी काजळी कालवलेल्या डिंकाचा ठिपका दिला होता. ते डोकं त्या डिंकावरच टिकून आहे. कामाच्या वहीत तारखेसह लिहिलंय, पण वही उघडतील ते साहेब कसले.

पुढच्या महिन्यात नव्या दालनाचं उद्घाटन आहे, बाहेरचे विद्वान यायचेत. त्याआधी साहेबांना सांगून टाकावं म्हणतो. बिचाऱ्यांची फजिती नको.

माया आहेच, रागावून ती कमी करू नकोस.

तुझा
बारक्या

९ जून

चि. बारक्यास अ. उ. आ.

बिचारे? त्या माणसाला बिचारा म्हणताना तुझी जीभ कशी रेटली? मी फोडलेल्या बरणीचा मार तू खाल्लास आणि वर मलाच रडू नकोस म्हणालास, तेव्हापासून तू असाच आहेस. आता पुरे झालं. साहेबांना एक अक्षर बोललास तर माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस.

त्याला पाहुण्यांसमोर डोळ्याचं पुराण लावू दे. अगदी रंगात आला की ओल्या कापसाचा बोळा फिरव आणि डोळा कापसावर घेऊन सगळ्यांना दाखव. नुसती वही पुढे केलीस तर तो ती बाजूला सारेल, मी ओळखून आहे असल्यांना. डोक्याबिक्याची काळजी करत बसू नकोस, एवढ्याने काही होत नाही. त्याचं तोंड मला बघायचं होतं. ते जमणार नाही, तेव्हा तू नीट बघ आणि मला सविस्तर लिही.

तुझ्या भाच्यांचे नमस्कार. जेवणाची हेळसांड करू नकोस आणि आमची आठवण ठेव.

तुझी
ताई

१६ जुलै

ती. ताईस सा. न. वि. वि.

झालं तुझ्या मनासारखं. माझ्याही.

दगड कॅमेऱ्याखाली होता, भिंतीएवढ्या पडद्यावर तो डोळा चकाकत होता. एका वयस्कर परदेशी बाईंनी शंका काढली. मी वही घेऊन उठलो होतो, ताई, पान उघडून बोट घालून ठेवलं होतं. त्या बाईंनी हात पुढेही केला होता. तेवढ्यात साहेब माझ्याकडे बघून पाहुण्यांना म्हणाले की कणा नसलेले प्राणी आमच्याकडे कामालाही आहेत. सगळे हसले. मी वही खाली ठेवली, ओला कापूस उचलला आणि डोळ्यावरून फिरवला.

साहेबांचं तोंड मी बघितलं. आधी पांढरं पडलं, मग ओठ नुसतेच हलत राहिले. पाणी द्यायलाही कुणी उठलं नाही. इतकं गोड वाटलं मला की सांगता येत नाही. मग त्या बाई पडद्याकडे बघून हळूच काहीतरी म्हणाल्या आणि मी मान वर केली. पडद्यावर डोक्याच्या जागी नुसता दगड होता; कापसावर डोळा होता आणि त्याला चिकटून डोकंही आलं होतं.

डिंक निघाला की डोकं निघणार हे तिथे मला एकट्याला ठाऊक होतं. वहीने काम भागलं असतं. साहेबांची बदली झालीय. दालनातल्या पाटीवर शोधकर्ता म्हणून माझं नाव लागलंय, आणि खाली बारीक अक्षरांत: डोक्याचा भाग नष्ट.

तू रागावणार नाहीस, ठाऊक आहे. थोडी रागावलीस तर बरं वाटेल.

तुझा
बारक्या

२० ऑगस्ट

चि. बारक्यास अ. उ. आ.

तुला न कळवता मंगळवारी वर्गातल्या मुलींना घेऊन तुझ्या दालनात आले होते. तू आत काम करत होतास, काचेतून तुझी पाठ दिसली. हाक मारायचा धीर झाला नाही.

मुलींनी दोरी बरोबर ओळखली. मग एकीने विचारलं, याचं डोकं कुणी काढलं. पाटीवर तुझं नाव होतं. मी माझं सांगितलं.

रविवारी जेवायला ये. दार उघडंच आहे.

तुझी
ताई