लाकडी पावलांची वाटणी

मी, सुंदराबाई आनंदा लांजेकर, वय अंदाजे बावन्न, धर्म बौद्ध, धंदा पादत्राणे बनवणे, राहणार घोडपदेव, मुंबई, आज पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाचे ऐकून नव्हे तर माझ्या स्वतःच्या मनाने, हे मृत्युपत्र करून ठेवत आहे. येत्या बुधवारी माझ्या पोटाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही. मी घाबरलेली नाही, पण आवरून ठेवलेले बरे. मी सांगते आहे आणि आमच्या गल्लीतले वसंत गुरुजी लिहीत आहेत. गुरुजी मधूनच थांबतात नि म्हणतात, "बाई, हे मृत्युपत्रात बसत नाही." मी म्हणते, "बसवा, गुरुजी."

१. माझ्या राहत्या खोलीचा भाडेहक्क माझा एकुलता एक मुलगा जगदीश आणि त्याची बायको सुभद्रा या दोघांच्या नावे व्हावा. दोघांच्या म्हणजे दोघांच्या. भांडण झाले म्हणून कोणी कोणाला बाहेर काढायचे नाही.

२. पोस्टातल्या पुस्तकावर जे असेल त्यातून आधी माझ्यामागचा खर्च भागवावा, उरेल ते जगदीशने घ्यावे. कानांतल्या कुड्या सुभद्रेच्या.

३. माझी भोके पाडायची आरी, चामडे कापायची रापी, लोखंडी ऐरण, शिलाईचे मशीन आणि भिंतीवरच्या फळ्यांवर मांडलेली एक्केचाळीस जोड लाकडी पावले, ज्यांना आम्ही कलबूत म्हणतो, हे सर्व मी माझी सून सुभद्रा हिला देत आहे. एकटीला. यात जगदीशचा हक्क नाही. हे कलम वाचून त्याला राग येईल, म्हणून कारण सविस्तर लिहून ठेवते.

कलबूत म्हणजे एकेका माणसाच्या पावलाची लाकडातली हुबेहूब प्रत. त्यावर चामडे ताणून बूट शिवतात. या एक्केचाळीस जोडांत सिनेमातल्या सात नट्यांची पावले आहेत. माझे यजमान आनंदा गिरगावातल्या चिंतामणशेठच्या दुकानात चोवीस वर्षे कारागीर होते. या नट्या खेळाच्या पहिल्या दिवशी मोटारीतून उतरून लाल गालिच्यावरून चालत जायच्या, तेव्हा त्यांच्या पायांत आनंदांच्या हातचे बूट असायचे. आनंदा मात्र मागच्या दाराने आत जायचे आणि मागच्याच दाराने बाहेर यायचे.

सन १९५६च्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असे रेडिओवर सांगितले आणि सगळा गिरणगाव रस्त्यावर आला. आनंदा कामावरून चालत घरी येत होते. लालबागेत गोळीबार सुरू झाला, लोक पळाले, दुकाने धडाधड बंद झाली. एका दुकानाच्या लोखंडी दरवाज्याखाली आनंदांचा उजवा हात सापडला. तीन बोटे गेली. घरी आल्यावर पहिले वाक्य बोलले ते हे: "मालनताईंचा जोड अर्धा राहिला गं."

मालनताई म्हणजे कोण ते सांगते. त्यांचे पडद्यावरचे नाव वेगळे आहे, ते मी लिहीत नाही. त्या परळच्या चाळीत वाढल्या, त्यांची आई गिरणीत होती. सिनेमात त्यांचे मोठे नाव होते. गोळीबाराच्या दोन वर्षे आधी नाचाचे काम चालू असताना लाकडी मंच मोडून त्या पडल्या, आणि डावा पाय मोडून आखूड झाला. सव्वा इंच. ही गोष्ट त्यांच्या घरच्यांना, डॉक्टरांना आणि कलबूत करणाऱ्या आनंदांना, एवढ्यांनाच ठाऊक. बाहेर नुसती कुजबूज होती की बाई लंगडी झाली, संपली. त्यांचे हातातले दोन सिनेमे गेले. एकच उरला आणि तो एप्रिलात लागणार होता. त्यात त्यांचे काम नऊवारी नेसणाऱ्या बाईचे, म्हणून पहिल्या दिवशी नऊवारीच नेसून या, असे सिनेमाच्या मालकांनी सांगितलेले. पाचवारीत पाय झाकला जातो. नऊवारीत घोट्यापासून सगळे दिसते.

आनंदा म्हणाले, "शेठला सांगून दुसरा कारागीर बघायला लावतो."

मी म्हटले, "दुसऱ्याला सांगाल म्हणजे तिचं गुपित पण सांगाल."

"मग करू काय?"

"तुम्ही बोला. मी शिवते."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. वीस वर्षे मी त्यांच्या बाजूला बसून दोरा ओढत होते, अस्तर लावत होते. पण आमच्यात बाईने रापी हातात घेऊन चामडे कापायचे नाही, ऐरणीशी बसायचे नाही. पहिला तुकडा मी वाया घालवला. दुसराही. आनंदा डाव्या हाताने भिंतीवर कोळशाने रेघा काढून दाखवायचे आणि मी चुकले की ओरडायचे. मीही ओरडायचे. शेजारची कमळाबाई म्हणायची, "तुम्ही बूट शिवता की भांडता?"

मालनताई माप पुन्हा द्यायला स्वतः आमच्या खोलीत आल्या, भर दुपारी. मोटार गल्लीच्या तोंडाशी उभी, सगळी चाळ गॅलरीत. आत येऊन त्या फरशीवर बसल्या आणि आनंदांचा हात पाहून रडल्या. मी त्यांच्यापुढे कागद आणि पेन्सिल ठेवली.

"हे कशाला?"

"पाऊल तुमचं आहे. तुम्हांला कसा जोड पाहिजे तो काढा. आजवर तुम्हांला कुणी विचारलं का?"

"नाही. मुंबईत सगळ्या जणी घालतात तसे उंच टाचेचे घाला म्हणतात."

"त्या टाचांवर तुमचा पाय लगेच दिसंल."

त्यांनी बराच वेळ पेन्सिल तोंडात धरली. मग काढले. पुढे गोल, घोट्यापर्यंत बंद, आणि वरून काठ. त्या म्हणाल्या, "माझ्या आईचं एक लुगडं आहे, हिरवं, लाल काठाचं. ते नेसून ती गिरणीत जायची. त्याचा काठ लावता येईल?"

मी म्हटले, "येईल." तेव्हा मला येत नव्हते. पण म्हटले.

जोड असा केला. बाहेरून दोन्ही पायांचा तळ सारखाच जाड. उजव्या बुटात पाऊल खोल बसते, डाव्यात बुचाच्या थरावर उंच बसते; म्हणून डाव्या कलबुताखालीही सव्वा इंचाचा लाकडी थर जोडला. वरून काठाची पट्टी, त्यामुळे आत काय आहे ते कोणाला कळत नाही. बूच पाच वेळा तासले. मालनताई रोज येऊन आमच्या गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायच्या. चौथ्या दिवशी त्यांना फोड आले. सातव्या दिवशी त्या चालता चालता कमळाबाईशी बोलू लागल्या, तेव्हा मला कळले की जमले.

सिनेमा लागला त्या दिवशी तीनचा खेळ होता. मी गिरगावात समोरच्या फुटपाथवर गर्दीत उभी राहिले. मोटारी येत होत्या, नट्या उतरत होत्या, चकचकीत टाचा, झिरझिरीत साड्या. मग मालनताई उतरल्या. हिरवी नऊवारी, पायांत लाल काठ. माझ्या मागचा एक जण म्हणाला, "आता बघ मजा." त्या गालिच्यावर उभ्या राहिल्या. पहिले पाऊल डावे टाकले. मुद्दाम. फोटोवाले खाली वाकले आणि पायांचेच फोटो काढू लागले. त्या घाई न करता चालल्या, पायऱ्या चढल्या, वळल्या, हात जोडले. मागचा माणूस म्हणाला, "च्यायला, धड आहे की पाय!" मी तिथेच दुकानाच्या पायरीवर बसले.

४. चिंतामणशेठ यांच्याविषयी. त्यांना मी काहीही देत नाही, आणि त्यांच्या दुकानाला माझ्या वस्तूंपैकी एकही वस्तू विकत, उसनी वा बक्षीस म्हणून जाऊ नये.

त्या आठवड्यात मालनताईंच्या पायांचा फोटो एका मासिकात आला. शेठनी तो मोठा करून काचेत लावला आणि खाली पाटी: विलायतेत शिकलेल्या आमच्या खास कारागिराचे काम. मी गेले. पुढच्या दाराने गेले. आत चार गिऱ्हाइके होती.

"शेठ, पाटी बदला. आनंदा लांजेकर आणि सुंदराबाई लांजेकर असं लिहा."

शेठ हळू आवाजात म्हणाले, "सुंदरा, मागे जा. मग बोलू."

"इथंच बोलते."

"अगं, बाईनं केलेला बूट, तोही तुमच्यातल्या... कोण घालील? माझं दुकान बसेल. पाटी राहू दे, तुमचं काम चालू राहील. बोललीस तर आजपासून बंद."

मी म्हटले, "बंद." आनंदांनी स्वतःच्या हाताने कोरलेली कलबुते मागच्या खोलीत होती. लाकूडही आमचे, कोरणेही आमचे. मी ती पोत्यात भरली आणि पोते डोक्यावर घेऊन पुढच्याच दाराने बाहेर पडले. शेठनी अडवले नाही. गिऱ्हाइकांसमोर त्यांना अडवता आले नाही.

घोडपदेवला आमच्या दाराशी पाटी लागली: लांजेकर, पावलाबरहुकूम पादत्राणे. पहिले तीन महिने कोणी आले नाही. मग मालनताईंनी दोघी जणींना आणले, त्यांनी आणखी आणल्या. प्रत्येकीपुढे मी कागद आणि पेन्सिल ठेवते. काही जणी हसतात, काही रेघ ओढायला घाबरतात, पण काढतात. आनंदा १९५८ साली गेले. शेवटपर्यंत रेघा तेच तपासायचे. त्यांच्यानंतर सुभद्रा माझ्या बाजूला बसून शिवायला शिकते आहे.

फक्त नट्यांचीच पावले आहेत असे कोणी समजू नये. तेहतिसावा जोड कमळाबाईचा. ती गिरणीत दिवसभर उभी असते, अंगठ्याशी हाड वाढलेले. यंदा एक मेला महाराष्ट्र झाला, त्याच्या मिरवणुकीत चालायला तिला जोड हवा होता. तिने कागदावर दोन पितळी बटणे काढली. "नटीसारखे पायजेत," म्हणाली. परळ ते शिवाजी पार्क चालली आणि घरी येऊन म्हणाली, "एक पण फोड नाय!"

५. आता जगदीशविषयी. तो शिवडीच्या गोदामात कारकून आहे, शिकलेला आहे, त्याचा मला अभिमान आहे. दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांना शेवटचा निरोप दिला, तिथे आनंदा, जगदीश आणि मी, आम्ही तिघांनी एकत्र दीक्षा घेतली. तेव्हापासून तो म्हणतो, आता कातड्याला हात लावायचा नाही. मला त्याचे म्हणणे कळते. त्याच्या आजोबांना गिऱ्हाइकाच्या उंबरठ्याबाहेर उन्हात बसून माप घ्यावे लागे. तो हे विसरलेला नाही, आणि त्याने विसरूही नये.

पण गेल्या महिन्यात चिंतामणशेठचा माणूस गोदामात त्याला भेटला आणि जगदीशने सगळी कलबुते द्यायचे कबूल केले. मला न विचारता. मला सुभद्रेने सांगितले.

मी विचारले, "का रे?"

"आये, तू मेल्यावर सुभद्रा हे करत बसेल. माझ्या पोरांना पुन्हा लोक तेच म्हणतील."

"शेठला ती कशाला पायजेत ठाऊक आहे? मालनताईंचं पाऊल त्याला काचेत मांडायचंय. दोन पाय, सव्वा इंचाचा फरक. तू ते विकायला निघालास."

त्याला हे माहीत नव्हते. मग सुभद्रा बोलली. लग्नाला तीन वर्षे झाली, त्याच्यासमोर ती पहिल्यांदाच एवढी बोलली: "मेलेलं ढोर ओढायला नको, हे मला पण कळतं. पण हे माझ्या हाताला येतंय. सोडायचं असेल तर मी सोडीन, तुम्ही नाय."

म्हणून कलम तीन. जगदीशने शेठला दिलेला शब्द मी या मृत्युपत्राने रद्द करते. तो शब्द त्याच्या मालकीचा नव्हता. जगदीश, तू वाईट नाहीस. फक्त विचारायला हवे होतेस. आनंदांचा सोन्याचा मुलामा दिलेला पेन, जो मालनताईंनी त्यांना दिला होता, तो तुला.

६. मालनताईंचे कलबूत. कलम पाचमधला प्रकार झाल्यावर मी ते त्यांना परत द्यायला घेऊन गेले. म्हटले, जाळा, नाहीतर ठेवा. त्यांनी ते मांडीवर घेतले, दोन्ही पाय शेजारी शेजारी उभे केले. मग विचारले, "सुंदराताई, माझ्यासारखा पाय असलेल्या किती पोरी असतील मुंबईत?"

"पुष्कळ."

"मग हे सुभद्रेकडे ठेवा. तिला शिकायला लागेल. आणि तुमच्या कागदात सव्वा इंच लिहा. मी नाही लाजत आता."

त्यांच्या परवानगीने वर लिहिले आहे. सुभद्रेने आखूड पायाच्या मुलींचे जोड शिवावेत, आणि प्रत्येकीपुढे आधी कागद ठेवावा. फुलपाखरू काढले तरी हसू नये.

७. माझ्या पश्चात दारावरच्या पाटीवर सुभद्रेचे नाव पूर्ण लिहावे: सुभद्रा जगदीश लांजेकर. हे काम जगदीशने स्वतः रंगाऱ्याकडे जाऊन करून घ्यावे. गुरुजी विचारतात, नाही केले तर? तो करील. काल संध्याकाळी तो फळ्यांवरची धूळ पुसत होता.

याआधी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. ऑपरेशनमधून उठले तर हे कपाटात राहील आणि मी ऐरणीशी. गुरुजींनी सगळे दोनदा वाचून दाखवले. गुरुजींनी शाईचा डबा पुढे केला, पण रापीने अंगठा इतका कापलेला आहे की ठसा नीट उमटत नाही; तीनदा लावला, तीनदा नुसता काळा डाग आला. तेव्हा मी म्हटले, द्या पेन, मला लिहिता येते. हळू येते, थांबा.

सही: सुंदराबाई आनंदा लांजेकर

वरील सही बाईंनी आम्हां दोघांच्या समक्ष केली. या मृत्युपत्रान्वये आम्हांस काहीही मिळत नाही.

साक्षीदार: १. कमळाबाई कोंडीराम पाष्टे, गिरणी कामगार, घोडपदेव
२. माधव रघुनाथ तेंडोलकर, डॉक्टर, भायखळा

लेखक: वसंत धोंडू कासारे, शिक्षक

ठिकाण: घोडपदेव, मुंबई, महाराष्ट्र राज्य
रविवार, दिनांक १९ जून १९६०