जे झार्यानं विणलं नव्हतं

येलेनी दोल,
१४ मे

प्रिय पावलाबाईंना,
मिलोयकाचा सादर नमस्कार.

गुडघा कसा आहे? तुमचा मुलगा म्हणाला, फोनवर आईला काही ऐकू येत नाही, ती सगळ्यांना नुसतं "हो हो" म्हणते. म्हणून पत्र. तसंही हे फोनवर बोलायची माझी छाती झाली नसती.

आपल्या लेसशाळेचं प्रदर्शन झालं. महापौर आले, अक्रोड भरलेल्या गोड पोळीचे, पोटिकेचे, तीन तुकडे खाल्ले आणि म्हणाले, "आपल्या पोरींच्या हातात जादू आहे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

नव्या शिक्षिकेबद्दल तुम्ही विचारलं होतंत. नेझा नाव तिचं. वर्षभर माझ्या हाताखाली उमेदवारी करतेय आणि तिला कायम करायचं की नाही, हे माझ्या शब्दावर आहे. पोरगी गुणी आहे, पण तिच्याविरुद्ध तक्रार आली. झार्या नावाची नऊ वर्षांची मुलगी आहे, तिच्या लेसला नेझानं परस्पर हात लावला, असं झार्याची आजी मुख्याध्यापकांना सांगून आली. ते मला म्हणाले, "मग असली मुलगी कशाला ठेवायची?" मी म्हटलं, "बघू."

ते "बघू" मला आठवडाभर खात होतं. बाई, हात मी लावला होता.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मुली घरी गेल्या आणि मी झार्याचा लेस विणायचा लोड पुढ्यात ओढला. तिच्या लेसमध्ये नक्षीतल्या एका पानाला बोट जाईल एवढं भोक पडलं होतं. मी टाचण्या काढल्या, भोकापर्यंतचं सगळं उसवलं आणि तिथून पुढं नव्यानं विणून काढलं. दोरे गुंडाळलेल्या लाकडी दांड्या लोडावर टकटक वाजत होत्या आणि काय सांगू, मला फार बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी पोरगी आपल्या लेससमोर उभी राहिली. रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "हे माझं नाही. इथं भोक होतं. इथं मी चुकले आणि मग पुढचं मला जमलं."

तिचं ते जमलेलंही मी उसवलं होतं.

आजी नेझाकडे वळली. "तूच ना गं? नवीन आहेस, लोकांपुढं मिरवायचं असेल!" नेझानं माझ्याकडे पाहिलं. तिला ठाऊक होतं, कारण आदल्या दिवशी विसरलेली छत्री न्यायला ती परत आली होती. ती काही बोलली नाही. मीही नाही. तेवढ्यात महापौर आले.

वर्ग माझ्या हाती देताना तुम्ही बजावलं होतंत, "मुलींच्या हातातलं काढून घेऊ नकोस. मोह फार होतो." तुम्ही स्वतः हात पाठीशी धरून वर्गात फिरायचात. सुरुवातीला मीही तशीच वागले. मग कंटाळा आला, बाई. तेच गुंते, तेच "बाई, माझा दोरा तुटला." शिकवण्यात जीव रमेना, तेव्हा तो मुली गेल्यावर त्यांच्या लेस सुधारण्यात रमायला लागला. लोक म्हणायचे, इतकी वर्षं झाली तरी मिलोयकाबाईंचा उत्साह बघा, सगळ्यांत शेवटी घरी जातात. ऐकून ऐकून मलाही ते खरं वाटू लागलं.

आणि ही नेझा! गुंता दिसला की हिला आनंद. "अगं, हे कसं केलंस? मला जमत नाही, दाखव की!" मग सगळ्या पोरी तिच्याभोवती. माझ्याकडे येतात त्या हजेरीपुरत्या. माझा जळफळाट व्हायचा. म्हणूनच मी "बघू" म्हटलं, खोटं कशाला बोलू?

काल अखेर मुख्याध्यापकांना खरं सांगितलं. "झालं गेलं, आता कशाला उकरून काढता?" म्हणाले. मी म्हटलं, "नेझाला कायम करा, नाहीतर मी चौकात उभी राहून सांगते." करतो म्हणाले. नेझाची माफी मागितली. ती म्हणाली, "आधी झार्याकडे जा." बरोबरच होतं तिचं.

आज गेले. आजीनं कॉफी दिली. मी सगळं सांगितलं. झार्यानं नीट ऐकून घेतलं, मग भिंतीवरच्या चौकटीकडे बोट केलं. तिच्या मोठ्या बहिणीची लेस होती ती, माझ्याच शाळेतली, बक्षीस मिळालेली.

"मग ताईची पण तुम्हीच केलीत?"

बहीण, तादेया, तिथंच बाळाला भरवत बसली होती. ती हसली. "वेडी आहेस का? माझी मीच केलीय. हो ना, बाई?"

मला मान वर करता येईना. बाळानं घासासाठी तोंड उघडलं होतं, पण तादेयाचा हात थांबला. तिनं विचारलं, अगदी हळू, शाळेत असताना विचारायची तसं.

"सगळी नसेल ना, बाई? कडेची वेल तरी माझी असेल?"

मला आठवेना, पावलाबाई. मी पुन्हा पुन्हा त्या चौकटीकडे पाहिलं. खरंच आठवेना.

तुम्ही मला समजून घ्याल, ते माहीत आहे. या वेळी नका घेऊ.

तुमच्या हाताखाली शिकले, हे सांगायला आज लाजणारी,
मिलोयका