गुरूच्या नावाची जागा

बा,

तुझ्या नातीला, स्नेहलला, संगीत शिकायला शिष्यवृत्ती मिळतेय. नाशिकच्या एका संस्थेत तिने पावरी वाजवली, तेव्हा पेटी-तबलावाली पोरं बघतच राहिली. भोपळ्याचं एवढं लांब वाद्य त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. तीन वर्षांचा सगळा खर्च संस्था करणार आहे.

फॉर्मवर गुरूचं नाव विचारलंय. खरं तर तिला मीच शिकवलं. बाईने पावरी फुंकायची नाही म्हणून तू मला तिला हात लावू दिला नाहीस. पण तू शेतावर गेलास की मी ती खुंटीवरून काढायचे, आणि डोंगऱ्या देवाच्या उत्सवात तू जसा दम लांबवायचास तसा लांबवून बघायचे. मला त्याची लाज वाटत नाही.

तरी गुरू म्हणून तुझंच नाव लिहिलंय. त्याखाली तुझा अंगठा लागतो.

हे पत्र टाकणार नाही. तू ते दुसऱ्याकडून वाचून घेशील आणि माझी चोरी तुझ्याआधी गावाला कळेल. रविवारी आम्हीच येतोय. आधी स्नेहल अंगणात वाजवेल, मग मी फॉर्म काढीन.

तुझी पहिली शिष्या,
यमुना