पारूची बरणी

५ एप्रिल २०२१
आजपासून लिहायचं ठरवलं. चौथी शिकलेली हाय, काई अडत न्हाई. आमच्या चुडाव्यात कोरोना पुन्यांदा आलाय. जावेशी भिंतीवरून बोलणं कमी करायचंय, मंग ते कुठंतरी बोलावं लागंल ना. म्हणून हे.
गेल्या साली माझ्या घरात कुणाला बी झाला न्हाई. ते माझ्यामुळं. यंदा बी कायदा केलाय: बाहेरची खायची चीज धुतल्याबिगर उंबऱ्याच्या आत येणार न्हाई. सून राजेश्री हो आत्याबाई म्हणली, अन हसली. मास्क होता म्हणून तिला वाटलं, दिसलं न्हाई.

७ एप्रिल
सुग्रीवनं पूर्ण्याहून किराणा आणला. सगळा साबणाच्या पाण्यात घातला. केळी, कांदे, पाव, साखर, गूळ. गूळ बादलीतच गेला. हात घालून बघितलं, न्हाईच. साखर बी त्याच वाटंनं गेली.
सुग्रीव म्हणला, आई, गूळ कुणी धुतं का? म्हणलं, चांगला असता तर टिकला असता. भेसळीचा माल आणायलास अन वरून मला शिकवायलास?
राजेश्रीनं चहा फिक्का दिला. मुद्दाम.

१० एप्रिल
नात अर्पिताची शाळा मोबाईलमधी भरती. आज तिनं मलाच शिकवायला घेतलं. भाजीला साबण लावू नये, पोटात जातो. वाहत्या पाण्याखाली धुवावी. म्हणलं, वाहतं पाणी त्या मोबाईलवाल्याच्या घरी असंल, आपला नळ ठिबकतो.
मंग म्हणली, आजी, तू मिसरीचं बोट तोंडात घालतीस अन त्याच हातानं पीठ मळतीस.
मिसरी औषध हाय. जंतू जागेवर मरतात. पोरीला कळत न्हाई, बारकी हाय.

१४ एप्रिल, सकाळी
पारू म्हणजे माझी धाकटी जाऊ. भिंतीला भिंत. तोंड दिवसभर चालू.
लोणचं दरसाली आमी दोघी मिळून घालतो. कैऱ्या मी फोडते, मसाला ती कालवती. मसाल्याला हात तिचाच, ते मला बी कबूल हाय. तिला सांगितलं न्हाई कधी. मीठ चाखायचं काम माझं. दरसाली म्हणते, पारे, मीठ कमी हाय. कमी नसतं. पर बराबर म्हणलं तर ही बाई डोक्यावर बसंल.
आज भिंतीवरून ओरडली, अक्का, कैऱ्या आल्यात, अडकित्ता घेऊन ये. म्हणलं, यंदा न्हाई. तुझा लेक भागवत बाजार हिंडतो, मास्क हनुवटीला. तुझ्या हातचं खाल्लं तर मी मरंन.
म्हणली, तू कशाला मरतीस, कोरोनाच भिईल तुला. ऱ्हाऊ दे, मी एकटीच घालते.
मला राग आला न्हाई.

२० एप्रिल
पारूनं माझ्या वाटणीची बरणी भिंतीवर आणून ठेवली. म्हणलं, ठेव अन मागं सरक. सरकली. मी बरणीला बाहेरून साबण लावला, तोंडाला बांधलेला फडक्याचा दादरा काढून उकळलेला कोरडा दादरा बांधला. पत्र्यावर उन्हात ठेवली. कोरोना गेल्याबिगर उघडायची न्हाई. इतकी शिस्त ह्या गावात कुणाच्या घरात न्हाई.
अडकित्ता यंदा तसाच टांगलेला. बघितला फक्त.

२१ एप्रिल
पारू सकाळीच भिंतीला. अक्का, चाखलं का?
म्हणलं, चाखलं.
मीठ कसंय?
मी दरसालासारखं कमी म्हणणार, तर म्हणली, मला यंदा काईच कळंना बग. कितीदा चाखलं. तूच सांग बाई. आवाज बी बसलेला. बोलता बोलता तोंड माझ्या तोंडाजवळ आणलं, मास्कचा पत्ता न्हाई. म्हणलं, बराबर हाय. एकदम बराबर. जा आता.
गेली न्हाई. उभीच. म्हणली, अक्का, लगीन होऊन आले तवापासून पहिल्यांदा बराबर म्हणलीस. मंग हसली. हसता हसता खोकली.
फुकटात खूष झाली. आजचा दिवस चांगला गेला.

२४ एप्रिल
अर्पितानं वाचून दाखवलं: ताप येतो, खोकला येतो, जिभेची चव जाती, नाकाला वास येत न्हाई. लगेच हिंगाची डबी काढली. सगळ्यांना हुंगायला लावली. सगळ्यांना वास आला. माझं घर पास.
अर्पिता म्हणली, आजी, पारूआजी लय खोकायली. म्हणलं, लोणच्याचा मसाला कुटलाय तिनं, ठसका असंल. म्हणली, त्याला लय दिवस झाले. म्हणलं, तिखट भारी असंल.

२६ एप्रिल, दुपारी
पारूला नांदेडला नेलं. भागवत म्हणला, ऑक्सिजन उतरलाय. गाडीत बसताना मी ओट्यावर होते. लांबून. तिनं मास्क खाली केला अन ओरडली, अक्का, बरणीत ओला हात घालू नको!
म्हणलं, मला शिकवू नको.
गाडी गेली. दाराची कडी साबणानं धुतली. आठवड्यात येती माघारी. चिवट हाय ती, मला ठाव हाय. आली की सांगणार हाय, पारे, मीठ कमीच होतं, तुझ्या तोंडाकडं बघून बराबर म्हणलं. लय भांडंल. मजा येईल.

३० एप्रिल
भिंतीवरून कुणी बोलत न्हाई. बरं हाय, कामं उरकतात. सगळी भांडी उकळून काढली. परत उकळली. राजेश्री म्हणली, आत्याबाई, जरा बसा की. म्हणलं, बसून काय करू?
भागवतचा फोन आला. आई जेवत न्हाई म्हणला. कशालाच चव न्हाई म्हणती. लोणचं घातलं तवापासनंच न्हवती म्हणं, आमाला बोलली न्हाई. मी म्हणलं, दवाखान्याचं जेवण अळणी असतं, चव कुठनं येणार? बरी होऊ दे, मी करून घालते.
फोन ठेवला. हात धुतले. काई धरलं न्हवतं, तरी धुतले.

४ मे
पारू गेली.
गावात आणली न्हाई. भागवत एकटाच आला.
दूध तापवायचं राहिलं. नासलं.

१२ मे
भागवत भिंतीपाशी आला. लांबच उभा राहिला. म्हणला, मोठी माय, आईच्या बरणीवर बुरशी आली. तिचं लोणचं कधी नासलं न्हवतं. उकिरड्यावर टाकून आलो.
म्हणलं, तुझाच ओला हात लागला असंल, मेल्या.
तो काई बोलला न्हाई. बोलायला पायजे होता. त्याची आई बोलली असती.
माझी बरणी नासणार न्हाई. उन्हात हाय. कुणाचा हात लागला न्हाई. माझा बी न्हाई. बघायची काई गरज न्हाई.

१३ मे, दुपारी
बरणी उतरवली. दादरा सोडला. वर पांढरी साय धरल्यावाणी बुरशी.
अर्पिता म्हणली, आजी, वरची काढली तरी खाली असती. खायचं नसतं. ह्या वक्ताला मोबाईलनं खरं सांगितलंय. माझा कायदा बी तोच हाय. तिला म्हणलं, जा, शाळा भरली तुझी.
पळीनं वरचं काढलं. खालची एक फोड घेतली. हात धुतले न्हवते. भाकरीला लावून तोंडात घातली. मोहरी लागली. मेथी लागली. हिंग. करडईचं तेल. कालवलेलं तिनंच, दुसऱ्या कुणाचं न्हाई.
मीठ न्हाई. चिमूटभर बी न्हाई. घालायचंच राहिलं तिचं. कितीदा चाखलं म्हणत होती.
दुसरी फोड घेतली.
राजेश्री आतून आली. माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मंग मिठाचा डबा पुढं केला. म्हणली, आत्याबाई, अळणी हाय का?
म्हणलं, न्हाई. मीठ बराबर हाय.