गाडीने गिळलेली कॅसेट

इनसाफ,

गाडीत नवा स्टिरिओ बसवून आणलाय, तू म्हणत होतीस तसा, फोनवरची गाणी वाजवणारा. किल्ली पावाच्या डब्यावर आहे. मी माझ्या बहिणीकडे, करीमाकडे चाललोय, तिची माफी मागायला.

मेकॅनिकने जुना टेप उघडला आणि आतून तुझ्या बाबांची कॅसेट निघाली. वारण्याआधी कुवेतहून त्यांनी बोलून पाठवलेलं शेवटचं पत्र. करीमाने त्यावर लग्नाची गाणी भरली असं समजून नऊ वर्षं तू तिला दारात उभं केलं नाहीस. गाडीत ती कॅसेट मीच लावली होती गं. टेपने गिळली. ओढली तर फीत तुटेल म्हणून हात लावला नाही, आणि तुला सांगायचं धाडस झालं नाही.

मेकॅनिकने आवाज नव्या स्टिरिओत उतरवून दिलाय. येताना कालव्याच्या काठी थांबून ऐकला. समोरून जहाजं सरकत होती. ती चाललीत की मी, कळेना. बाबा विचारतात, "इन्सू, जेवलीस का गं?" आणि तू उत्तर द्यावंस म्हणून थांबतात. मागे त्यांच्या खोलीतला पंखा घरघरत राहतो.

खाली जाऊन गाडीत बस. काचा वर कर. ते थांबले की उत्तर दे.

फिक्री